नवव्या भागाची कॅसेट

गोपाळकृष्ण कर्णिकांनी हे सगळं मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, म्हणून लिहितोय. एरवी कर्जतमधल्या या सभ्य, हळू बोलणाऱ्या माणसाच्या पोटात दोन वर्षं काय जळत होतं, ते मला कळायचं काहीच कारण नव्हतं. "लिहायचं तर नाव बदलू नकोस," असंही ते म्हणाले. "नाव बदललंस की मला वाटेल, सुटलो बुवा एकदाचा."

मी शेलूला राहतो, पण माझी शाळा कर्जतची. शाळेत असताना मी त्यांच्या व्हिडिओ लायब्ररीचा सभासद होतो. बायकोच्या नावावरून 'आसावरी व्हिडिओ' अशी पाटी होती. आसावरीकाकू प्राथमिक शाळेत शिक्षिका. घर त्यांच्या पगारावर चालायचं आणि काकांचं दुकान काकांच्या हौसेवर. काकांचे दोघे थोरले भाऊ इंजिनिअर, वडील नावाजलेले वकील. त्या घरात 'हा काय करतो?' या प्रश्नाचं उत्तर देताना सगळ्यांचीच पंचाईत व्हायची.

पण एका बाबतीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती बाब म्हणजे 'आगाऊ मंडळ'.

शहाण्णव साली एका खासगी वाहिनीवर दर गुरुवारी ही मालिका लागायची. तिघेजण मिळून विवाह मंडळ चालवतात, एवढीच गोष्ट. पण त्या मंडळात मंत्री यायचे, बुवा यायचे, तिसऱ्या लग्नाला उभे राहिलेले कारखानदार यायचे आणि त्यांच्या तोंडी जे संवाद असायचे ते ऐकून घरोघरी मुलांना आतल्या खोलीत पिटाळायचे. मोठी माणसं आवाज बारीक करून, दार लावून बघायची आणि दुसऱ्या दिवशी चारचौघांत 'काय हा चावटपणा' म्हणायची. नवव्या भागानंतर मालिका एकाएकी बंद झाली. नवव्यात एका मंत्र्याची फारच शोभा केली होती म्हणे. जाहिरातदार पळाले, वाहिनीने हात वर केले. तेरा भागांची मालिका नवातच आटोपली.

काकांनी टीव्हीवरून ती रेकॉर्ड केली होती. नऊपैकी सात भाग. चौथ्याला कर्जतचे दिवे गेले. नवव्या गुरुवारी आई दवाखान्यात, म्हणून शेजाऱ्याला बटण दाबायला सांगितलं, तर त्या भल्या माणसाने दुसऱ्याच वाहिनीवरची, भातावरच्या करपा रोगाची माहिती तासभर रेकॉर्ड करून ठेवली. ती कॅसेट काकांनी आजही ठेवली आहे.

लायब्ररी बंद झाली, झेरॉक्सचं मशीन आलं, मग तेही गेलं. पण मोबाईल आल्यावर काकांना जणू दुसरा जन्म मिळाला. जुन्या मालिकांच्या शौकिनांचा एक मोठा ऑनलाइन गट आहे, तिथे ते लिहायला लागले. कोणत्या भागात कोणता नट आजारी होता, कुठला संवाद कापला होता, सगळं तोंडपाठ. 'आगाऊ मंडळा'चा विषय निघाला की लोक लिहायचे, 'कर्णिकसरांना विचारा.' सत्तरीच्या माणसाला पहिल्यांदाच कोणीतरी सर म्हणत होतं.

त्याच सुमारास जैतू पादीर त्यांच्याकडे यायला लागला. जैतू ठाकर समाजातला, कडावच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतला. भाताच्या दिवसांत कडावला मजुरी, बाकी वर्षभर कुंभिवलीला हायवेलगतच्या एका भंगारच्या शेडमध्ये माल निवडायचं काम. शिक्षण चौथीपर्यंत, नजर मात्र विलक्षण. भंगारात आलेली एखादी चीज डोळ्यांत भरली की मालकाकडून किलोच्या भावाने सोडवून घ्यायचा आणि मोटारसायकलवर बांधून कर्जतला आणायचा.

"काका, ह्ये काय हाय?"

काका चष्मा लावून सांगायचे. हा रेडिओ अमुक सालचा. ही एनॅमलची पाटी साबणाच्या जाहिरातीची, कडा गंजल्यात म्हणून फेकू नकोस. ऑनलाइन लिलाव कुठे होतात, फोटो कसा काढायचा, हेही त्यांनीच शिकवलं. जैतू चहा पिऊन पाया पडून जायचा. काकांना ते आवडायचं. ते मला म्हणाले, "खरं सांगू? तो खाली बसायचा आणि मी खुर्चीत, हे मला आवडायचं. खुर्ची दुसरीही होती घरात."

मग खालापूरजवळ बंद पडलेल्या एका निर्मिती संस्थेचं गोदाम रिकामं झालं आणि सगळा माल कुंभिवलीच्या शेडमध्ये येऊन पडला. दोन दिवसांनी जैतू पिशवी घेऊन आला. पिशवीत दोन कॅसेटी. एकीवर लिहिलेलं होतं, 'आ. मं. ४'. दुसरीवर, 'आ. मं. ९, अंतिम'.

काकांनी त्या हातात घेतल्या. अठ्ठावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाडीवरच्या जैतूच्या पिशवीतून निघालं होतं, कांद्याच्या सालींसकट.

"विशेष नाही रे," काका म्हणाले. "असल्या पुष्कळ पडल्यात. ठेव इथे, सवडीने बघतो."

जैतू त्यांच्याकडे बघत राहिला. भंगारातला माणूस आधी गिऱ्हाइकाचं तोंड बघतो, मग माल.

"काका, तुमच्या हाताला घाम आलाय," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या माझ्याकडंच."

आणि पिशवी घेऊन गेला.

महिन्याभराने दोन्ही कॅसेटी लिलावाला लागल्या. जैतूला टाइप करता येत नाही, तो फोनशी बोलतो आणि फोन लिहितो. त्याने लिहिलं होतं, 'या कॅसेटी पानी लागू न देता आनल्या हाईत. मी भिजलो, त्या नाय. नववा भाग एकदा लागला त्यानंतर कुनी पाह्यला नाय म्हंतात. मी पाह्यला. मंत्री लई खोटं बोलतो आन त्याचा कुत्रा खरं बोलतो.' सोबत भंगारातूनच जोडून घेतलेल्या व्हीसीआरवर चौथा भाग लावून, टीव्हीच्या पडद्यावरून मोबाईलने टिपलेला दोन मिनिटांचा तुकडा जोडला होता.

गटात नुसती धमाल उडाली. लोकांनी तो मजकूर एकमेकांना पाठवला. 'असं वर्णन आजवर वाचलं नाही', 'हा माणूस कोण आहे?', 'जैतूभाऊ, अजून लिहा!' दुपारपर्यंत हजारावर पसंतीच्या खुणा पडल्या. काकांनी त्याच दिवशी तो तुकडा बघून चौथ्या भागाच्या नेपथ्यावर दीड पानी लेख लिहून टाकला होता. त्याला सात खुणा. त्यातली एक आसावरीकाकूंची.

"मी मोजायचो रे," काका मला म्हणाले. "सकाळी उठलो की आधी त्याच्या मोजायचो, मग माझ्या. दात घासायच्या आधी."

जेवताना, भाजी निवडताना, देवाला फूल वाहताना, सारखं तेच. आपण तीस वर्षं जपलं, आपण शिकवलं आणि कौतुक कोणाचं? मालिका लागली तेव्हा ज्याच्या वाडीत वीजसुद्धा नव्हती, त्याचं. कोणी तरी लिहिलं, 'जैतूभाऊंसारखा जाणकार नाही.' जाणकार हा शब्द काकांना इतका लागला की त्या दिवशी त्यांनी जेवण टाकलं. काकूंना सांगितलं, पित्त झालंय.

आणि मग त्यांना कायदा आठवला.

'आगाऊ मंडळ'चे लेखक-निर्माते वारून दहा वर्षं झाली होती. त्यांची मुलगी भाग्यश्री पुण्यात राहते, मालिकेचे हक्क तिच्याकडे. काकांनी पूर्वी तिच्या वडिलांना पत्रं लिहिली होती, त्या ओळखीवर तिचा ईमेल मिळवला. तिला लिहिलं, 'आपल्या कैलासवासी वडिलांच्या कलाकृतीचा भंगारात बाजार मांडला जात आहे. परवानगीशिवाय दृश्यंही प्रसारित होत आहेत. कॉपीराइटचा हा उघड भंग पाहून एक रसिक म्हणून राहवलं नाही.' खाली पूर्ण नाव.

"एक शब्द खोटा नव्हता त्यात," काका म्हणाले. "तेच तर वाईट."

भाग्यश्रीने लिलावाच्या कंपनीला तक्रार केली. तिची अपेक्षा एवढीच की तो तुकडा काढावा. कंपनीने मात्र जैतूचं सबंध खातंच बंद केलं. कॅसेटी गेल्या, त्यांच्याबरोबर रेडिओ, पाट्या, पितळी कुलपं, त्याने लावलेला सगळाच माल अडकला. त्या मालावर त्याचं घर चालत होतं, भाताच्या मजुरीवर नव्हे.

तीन दिवसांनी, भर दुपारी, जैतू कर्जतला आला. हातात कागद. वाडीच्या शाळेतल्या गुरुजींनी छापून दिलेली इंग्रजी नोटीस.

"काका, वाचा बरं. काय गुन्हा झाला माझ्याकडनं?"

काकांनी कागद घेतला. आसावरीकाकू पाणी घेऊन आल्या आणि तिथेच थांबल्या. काका एकेक ओळ मराठीत सांगत गेले. कॉपीराइट म्हणजे काय, कोणाचा हक्क, तुकडा का चालत नाही. खाली तिसऱ्या परिच्छेदात एक ओळ होती. हक्कदाराला ही माहिती कोणाकडून मिळाली ते त्या ओळीत दिलं होतं. काका ती ओळ गाळून पुढे गेले.

"थांबा," जैतू म्हणाला. त्याने कागदावर बोट ठेवलं. "ही वळ नाय वाचली तुमी."

"ती... ती नुसती कायद्याची भाषा आहे रे."

"मला विंग्रजी येत नाय, काका. पन अक्षरं येतात. रेडिओवरचं नाव वाचल्याबिगर भाव कसा सांगायचा? जी, ओ, पी, ए, एल." त्याचं बोट सावकाश सरकत होतं. "ह्ये गोपाल हाय. आन ह्ये तुमच्या दारावरच्या पाटीवर हाय तसंच हाय."

काकूंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"तुझ्या भल्यासाठीच," काका बोलायला लागले. "उद्या पोलिसांचं लचांड मागे लागलं असतं. कायदा म्हणजे कायदा. दुसऱ्याची कलाकृती अशी..."

जैतूने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरच्या कपाटात काकांच्या कॅसेटी होत्या, ओळीने, निळ्या शाईतल्या सुंदर अक्षरांच्या चिठ्ठ्या लावलेल्या. सगळ्या घरी रेकॉर्ड केलेल्या. वर्षानुवर्षं भाड्याने दिलेल्या.

"आन ह्या?" त्याने विचारलं. "ह्यांना कायदा नाय का?"

जैतूने कागदाची घडी केली, खिशात घातली. जाताना नेहमीसारखा पाया पडला नाही. उंबऱ्यात थांबून म्हणाला, "येतो, शेठ."

शेठ तो भंगाराच्या गिऱ्हाइकांना म्हणतो.

तो गेल्यावर काकूंनी एकच विचारलं, "अहो, तुम्हाला कायद्याची काळजी कधीपासून लागली?" काकांनी पुन्हा तेच सुरू केलं, रसिक म्हणून, संस्कृती म्हणून. काकू म्हणाल्या, "मी सत्तावीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलाय. शेजारच्याला चांदणी मिळाली की पोरं त्याची वही फाडतात. चेहरा अगदी असाच असतो." आणि आत निघून गेल्या.

चार दिवस काकांना काही सुचलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी भाग्यश्रीला फोन केला आणि सगळं सांगितलं. घामाने ओले झालेले हात, मोजलेल्या खुणा, गाळलेली ओळ. मला वाटतं, तेवढं एक त्यांनी चोख केलं, काही हातचं राखलं नाही.

मग ती म्हणाली, "काका, त्यांचं सगळं खातं बंद झालंय हे मला माहीतच नव्हतं. कॅसेट ही वस्तू आहे, ती त्यांना सापडली, त्यांनी ती खुशाल विकावी. आत जे आहे ते आमचं, ते पसरू नये, इतकंच माझं म्हणणं. मी आजच कंपनीला कळवते." जरा थांबून तिने विचारलं, "नववा भाग खरंच आहे त्यांच्याकडे? घरी तो नाहीये. बाबांच्या डोळ्यांदेखत वाहिनीने मूळ टेप पुसून टाकली होती."

पुढच्या रविवारी ती पुण्याहून कर्जतला आली. चांगला व्हीसीआर काकांकडे, म्हणून बैठक त्यांच्याच घरी. जैतू येईल की नाही शंका होती, पण भाग्यश्रीने स्वतः फोन केल्यावर तो आला, बायको पारूला घेऊन. काकूंनी तिघा पाहुण्यांना आणि स्वतःला अशा चार खुर्च्या मांडल्या. काका पलंगाच्या कडेवर.

आधी चौथा भाग झाला, मग नववा लावला. सुरुवातीला करड्या रेघा, मग चित्र स्थिर झालं. मंत्री मुलाला स्थळ बघायला येतो आणि त्याचा कुत्रा, मंत्री खोटं बोलला की भुंकतो. अर्धा तास कुत्रा भुंकतच राहतो. भाग्यश्री हसता हसता रडायला लागली, कारण कुत्र्याचा आवाज तिच्या बाबांनीच काढला होता.

मग मंत्र्याच्या फार्महाऊसवरचा नोकर आला. रानू नाव. कमरेला फडकं, तोंडाला काळा रंग आणि काहीतरी अचाट बोली. साहेबांच्या कमोडमध्ये तो तांदूळ धुतो. काका मोठ्याने हसले. शहाण्णव सालची सवय. हसता हसता त्यांची नजर शेजारी गेली. पारू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. जैतू पडद्याकडे बघत होता, पण चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

भाग संपला. भाग्यश्रीने विचारलं, "कसा वाटला, जैतूभाऊ?"

"कुत्रं लई भारी हाय," जैतू म्हणाला. "मंत्र्याची चांगली जिरवलीय. पन तो रानू. असं कुनी बोलत नाय आमच्यात. ज्यानं लिवलं त्यो कधी वाडीवर आलेला दिसत नाय."

काका घाईघाईने म्हणाले, "अरे, तो विनोद आहे. त्या काळात..."

"विनोदच हाय, शेठ. पन तो कुत्रा मोठ्या मानसाला भुकतो म्हनून हसू येतं. ह्यो रानूचा विनोद तर आमच्यावरच भुकतोय."

भाग्यश्रीने व्हीसीआरमधून कॅसेट काढून हातात घेतली. मग म्हणाली, "बाबा असते तर तुमच्याशी वाद घातला असता त्यांनी. आणि हरले असते." तिने पारूला विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय वाटलं?" पारू म्हणाली, "तांदूळ असा कुनी धुतो का, बाई? पानी नितळ लागतं." यावर जैतू पहिल्यांदा हसला आणि भाग्यश्रीही.

काका हे बघत होते. मालिकेची मालकीण त्यांच्याच घरात बसून, त्यांच्याच मशीनवर भाग बघून, मत विचारत होती ते जैतूला आणि पारूला. न राहवून ते उठले, कपाटातल्या सात कॅसेटी आणून तिच्यापुढे ठेवल्या. "हे बाकीचे सात. मी स्वतः रेकॉर्ड केलेले. तुम्हाला देऊन टाकतो."

भाग्यश्रीने त्या पाहिल्या. अक्षराचं कौतुक केलं. मग अवघडून म्हणाली, "काका, हे सात आमच्याकडे आहेत. मूळ टेपवर, स्वच्छ. चौथ्याची टेप बुरशीने गेलेली आणि नववा पुसलेला, तेवढे दोनच नव्हते."

काकांनी त्या सातही कॅसेटी उचलल्या आणि कपाटात होत्या त्याच क्रमाने लावून ठेवल्या. एवढं सांगून काका मला म्हणाले, "तीस वर्षं मी ज्याची राखण करत बसलो, त्याची कोणाला गरजच नव्हती. आणि त्या क्षणीही मला दुःख कसलं झालं माहितीये? जैतूसमोर ती बोलली, याचं."

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. जैतूचं खातं तीन आठवड्यांनी सुरू झालं. त्या दोन कॅसेटी त्याने लिलावात न घालता थेट भाग्यश्रीला दिल्या आणि तिने त्याला योग्य ते मोल दिलं. सगळे नऊ भाग तिने यंदा रीतसर प्रसिद्ध केले. नवव्याच्या आधी दहा मिनिटं जैतू बोलतो. कुंभिवलीच्या शेडमध्ये उभा राहून तो सांगतो, कॅसेट कशी सापडली, कुत्र्याला का हसायचं आणि रानूला का नाही. शेवटी आभाराची लांबलचक यादी आहे. तिच्यात तेविसाव्या जागी 'गो. कार्णिक' आहे. 'का' चुकून पडलाय. काकांनी कळवलं नाही. "आधी दोनदा मेल लिहिला," म्हणाले, "आणि पुसला."

दिवाळीनंतर एक दिवस ते टमटमने कुंभिवलीला गेले. हायवेवरून ट्रक धडधडत होते, शेडच्या दारात जैतू पितळेचे नळ निवडत बसला होता. काकांनी उभ्यानेच माफी मागितली. घरून पाठ करून आणलेली वाक्यं मधेच विसरली.

जैतूने ऐकून घेतलं. मग हात पुसले, आत गेला आणि एक मोठी एनॅमलची पाटी घेऊन आला. बिस्किटांची, अर्धी खरवडलेली.

"ही कुठल्या सालची, शेठ?"

काकांनी चष्मा लावला. अक्षरांचं वळण पाहिलं, मागची भोकं पाहिली. "पंचावन्न ते साठच्या मधली. हे खालचं चिन्ह नंतर बदललं."

जैतूने फोन तोंडापाशी धरला आणि बोलायला लागला, "ही पाटी पंचावन्न ते साठच्या मधली हाय. खालचं चिन्न नंतर बदाललं..." त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. काकांचं नाव कुठे नव्हतं. काकांच्या ओठांवर आलं होतं, अरे, कोणी सांगितलं तेही टाक. ते तोंड मिटून उभे राहिले. संध्याकाळपर्यंत त्या मजकुराला चारशे खुणा पडल्या. ते मोजत होते.

आता दर बुधवारी ते कुंभिवलीला जातात. जैतू त्यांना खुर्ची देतो, चहा मागवतो, शेठ म्हणतो. एकदा मी विचारलं, "काका, अजून जळतं का?"

"जळतं की," ते म्हणाले. "मागल्या बुधवारी त्याला कुठल्याशा कॉलेजात बोलावल्याचं कळलं. समोर आलेली टमटम सोडून दिली मी, तासभर नाक्यावर बसून राहिलो." मग पायात चपला सरकवत म्हणाले, "चल, साडेदहाची टमटम चुकली तर पुढे तासभर मिळत नाही. आज त्याच्याकडे ग्रामोफोनच्या तबकड्यांचं खोकं आलंय. त्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही."

हे म्हणताना ते किती खूश होते म्हणून सांगू.